विश्लेषण : शहराला सुट्टी, गावाला सुगी... पुण्याजवळच्या गावांत हिवाळी मुक्काम जमवायचा कसा?

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आटोपला, की पुण्यातला हिवाळा खऱ्या अर्थाने सुरू झाला असे मानणारे पुणेकर कमी नाहीत. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर गाड्यांच्या रांगा दिसतात. अनेक शाळांना नाताळची सुट्टी असते, आयटी कंपन्यांचे परदेशी ग्राहक रजेवर गेलेले असतात आणि ३१ डिसेंबरनंतर वाया जाणारी आपली रजाही संपवायची असते. पूर्वी ही मंडळी लोणावळा किंवा महाबळेश्वर गाठून दोन दिवसांत परतत. आता मुळशी, मावळ, भोर, वेल्हे, पुरंदर, शिरूर, जुन्नर या भागांत स्वतःचे छोटे घर किंवा भाड्याची खोली घेऊन, नाहीतर आजोळचा वाडा उघडून, महिना-दीड महिना राहणाऱ्यांची भर पडली आहे. लॅपटॉप आणि मोबाइलची रेंज एवढ्यावर काम भागते, हे टाळेबंदीच्या काळात अनेकांच्या लक्षात आले.

मात्र मुक्काम दोन दिवसांवरून महिन्यावर गेला की गावाचे वेगळेच रूप दिसू लागते. रात्री एक वाजता मोटार सुरू होते, पहाटे चारला ट्रॅक्टर धडधडत जातो, दिवसा कामाला माणूस मिळत नाही. ‘गावात निवांत असेल असे वाटले होते’, ही तक्रार इथूनच येते. पुणेकरांच्या सुट्टीचे दिवस हे गावाच्या कामाचे ऐन दिवस असतात, एवढीच यातली मेख आहे.

गावात डिसेंबर म्हणजे कसला महिना?

पुणे जिल्ह्याला एकच एक हिवाळा नाही. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत मावळ, मुळशी, भोर, राजगड (पूर्वीचे वेल्हे) हे भाताचे तालुके. पूर्वेला शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर हे ज्वारी आणि उसाचे. उत्तरेला खेड, आंबेगाव, जुन्नरमध्ये कांदा, भाजीपाला आणि पुन्हा ऊस. त्यामुळे ‘पुण्याजवळचे गाव’ कोणत्या दिशेला आहे, त्यावर डिसेंबर कसा जाणार हे ठरते.

भाताच्या पट्ट्यात कापणी दिवाळीच्या आगेमागे होते. त्यानंतर खळ्यावरची झोडणी, वारवणी आणि पेंढ्याच्या उडव्या रचणे यात नोव्हेंबर संपतो. मावळातल्या घराघरांत नवा इंद्रायणी येतो तो याच दिवसांत. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात विकसित झाले आणि १९८७मध्ये प्रसारित झाले. नवा तांदूळ लगेच शिजवला की चिकट, गोळा होतो. म्हणून गावातली माणसे आधी जुना तांदूळ संपवतात, आणि पाहुणे मात्र ‘यंदाचाच द्या’ म्हणून हट्ट धरतात. भात निघालेल्या खाचरात ओल असते. त्या ओलीवर हरभरा, वाल, मसूर, पावटा ही पिके फारसे पाणी न देता येतात. डिसेंबरात मुळशीच्या रस्त्याकडेला जे ‘रिकामे’ हिरवे खाचर दिसते आणि ज्यात गाडी लावण्याचा मोह होतो, तिथे पुष्कळदा हरभरा पेरलेला असतो.

पुरंदरच्या बाजूला याच सुमारास अंजिराचा खट्टा बहार बाजारात येऊ लागतो. पूर्वेकडे ज्वारी निसवलेली असते, उसाची तोड ऐन भरात असते, गहू आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे असते. थोडक्यात, मे महिन्यात पारावर बसलेला दिसतो तो माणूस डिसेंबरात पारावर सापडत नाही.

थंडी गावात जास्त का?

घाट उतरल्याबरोबर हुडहुडी भरते, हा भास नाही. पुणे शहरातल्याच हवामान केंद्रांचे आकडे पाहिले तरी फरक कळतो. शिवाजीनगर, पाषाण, एनडीए, हवेली ही केंद्रे थंडीच्या लाटेत खाली उतरतात, त्याच पहाटे मगरपट्टा, वडगाव शेरी किंवा लवळे येथील पारा कितीतरी वर असतो. शिवाजीनगरची वेधशाळा असलेल्या परिसराला जुने पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८मध्ये शिमल्याहून इथे आले, त्याची ही खूण. पुण्याचा आजवरचा नीचांक १७ जानेवारी १९३५चा आहे : १.७ अंश सेल्सिअस.

यामागचे शास्त्र असे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडते. आकाश ढगाळ असेल, हवेत बाष्प असेल, तर ती उष्णता अडते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे येतात, आकाश निरभ्र असते आणि उष्णतेला अडवणारे काही उरत नाही. शहरात सिमेंट, डांबर आणि इमारती दिवसा साठवलेली ऊब रात्रभर हळूहळू सोडतात. उघड्या शेतात ती सोय नसते. शिवाय गार हवा जड असते. ती टेकड्यांच्या उतारांवरून वाहत खाली येते आणि नदीकाठी, ओढ्याकाठी, दरीच्या तळाशी साचते. म्हणून डोंगरमाथ्यावरच्या घरापेक्षा पायथ्याला, पाण्याकाठी बांधलेल्या घरात पहाटे जास्त गारठा असतो. ‘नदीकाठचा बंगला’ अशी जाहिरात करणारे हे सांगत नाहीत.

जमिनीलगत गार आणि वर तुलनेने उबदार, असे हवेचे उलटे थर तयार झाले की आणखी दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे धूर वर जात नाही. चुलीचा, शेकोटीचा, उसाचे पाचट पेटवल्याचा धूर गावावर पांढऱ्या पट्ट्यासारखा तरंगत राहतो. मोकळी हवा म्हणून गावात आलेल्या दम्याच्या रुग्णाला पहाटे त्रास होतो, त्याचे कारण बहुधा हे असते. त्यांनी फिरायला ऊन वर आल्यावर निघावे.

दुसरी गोष्ट आवाजाची. एरवी वर निघून जाणारा आवाज उबदार थराला लागून पुन्हा जमिनीकडे वळतो आणि शांत, गार रात्री फार लांबवर पोहोचतो. फार्महाउसवर लावलेले स्पीकर तिथल्या पाहुण्यांना ‘बेताचे’ वाटतात. दोन किलोमीटरवरच्या वस्तीत मात्र गाण्याचा ठेका स्पष्ट ऐकू येतो. त्या वस्तीतली माणसे पहाटे धार काढायला उठणार असतात. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत आणि ते महापालिकेच्या हद्दीवर संपत नाहीत. ३१ डिसेंबरसाठी प्रशासन सवलत देते तीही एका रात्रीपुरती असते, आठवडाभराची नव्हे.

थंडीबद्दल एक धोक्याची सूचना इथेच. ऊब यावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणे जिवावर बेतू शकते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरचाही तोच धोका. गावातल्या जुन्या घरांत आंघोळीच्या पाण्याचा बंब बाहेर किंवा पडवीत असायचा, त्याला असे कारण होते. कौलांच्या फटींतून वारा येतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्याच फटींतून धूर बाहेर जात असे.

रात्री-अपरात्री मोटारी का चालतात?

शेतीपंपांची वीज दिवसरात्र नसते. ती पाळीने मिळते : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. परंपरेने दिवसाची पाळी आठ तासांची, रात्रीची दहा तासांची असा हिशेब राहिला आहे. रात्रीची पाळी असली की शेतकरी अकराला किंवा एकला बॅटरी घेऊन निघतो, मोटार सुरू करतो आणि गुडघाभर गार चिखलात उभा राहून दारे धरतो; म्हणजे एका वाफ्याचे पाणी पुरेसे झाले की बांध फोडून दुसऱ्या वाफ्यात वळवतो. सहा-सात अंशांत, उसाच्या फडाशेजारी, एकट्याने. गावात नव्याने राहायला आलेल्याने या वेळी खिडकीतून बाहेर पाहिले, तर लांबवर हलणारा एक प्रकाशाचा ठिपका दिसतो, तो हाच.

दिवसा वीज मिळावी ही मागणी त्यामुळे फार जुनी आहे. शेतीच्या वीजवाहिन्या सौरऊर्जेवर आणण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. तिचा दुसरा टप्पा २०२३मध्ये सुरू झाला. जिथे प्रकल्प उभे राहिले तिथे रात्रीच्या फेऱ्या थांबल्या, उरलेल्या गावांत बॅटरी अजून खुंटीला टांगलेली असते.

विहिरीच्या जोडीला कालव्याचे पाणी असते आणि त्याची गाठ थेट पुण्याच्या नळाशी आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण क्षमता सुमारे २९ टीएमसी. यातूनच शहराने प्यायचे आणि यातूनच हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला रब्बीचे आवर्तन सोडायचे. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि आवर्तन कधी, किती दिवसांचे यावर खडाजंगी होते. कोथरूड किंवा हडपसरच्या सदनिकेत ही बातमी ‘पाणीकपात होणार का?’ एवढ्यापुरती वाचली जाते. दौंडमध्ये महिनाभर राहिलेल्या माणसाला त्याच बातमीची दुसरी बाजू दिसते. चारीला पाणी आले की गावातली लग्नाची बोलणीदेखील दोन दिवस पुढे ढकलली जातात.

हुरडा नेमका कधी?

‘हुरडा पार्टी’चे फलक नोव्हेंबरच्या अखेरीस लागतात. पण हुरडा फलकावर पिकत नाही. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. दाणा भरून चिकाचा असतो, दाबला तर मऊ लागतो, पण पांढरा कडक झालेला नसतो, ती अवस्था पेरणीनंतर साधारण तीन महिन्यांनी येते. म्हणजे नैसर्गिक हंगाम डिसेंबरच्या शेवटापासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत. एका वावरात ही अवस्था थोडेच दिवस टिकते; नंतर दाणा टणक होतो आणि तो भाकरीचा होतो. म्हणून हुरड्याचा व्यवसाय करणारे शेतकरी एकाच रानात आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरतात. नाताळला हुरडा मिळावा यासाठी पहिला टप्पा गणपतीच्या आसपास पडावा लागतो आणि तेव्हा पाऊस असला तर सगळे गणित कोलमडते.

वाणही वेगळे असते. भाकरीसाठी मालदांडीला तोड नाही, पण हुरड्याला सुरती, गुळभेंडी अशा गोड, सहज सुटणाऱ्या दाण्याच्या स्थानिक जाती धरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ ही वाणे दिली आहेत. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, विस्तवात कणसे खुपसायची, भाजली की गरमागरम हातावर चोळून दाणे सोडवायचे. जोडीला शेंगदाण्याची, तिळाची, लसणाची चटणी, गूळ, बोरे, दही. यात कौशल्य आहे ते चोळणाऱ्याच्या तळहातात. शहरी हात दुसऱ्या कणसाला भाजतात.

पूर्वी हुरडा विकत नव्हता. शेजारी-पाजारी, सोयरे-धायरे यांना रानात बोलावून खाऊ घालायची ती रीत होती. आज माणशी दर आकारला जातो, त्याबद्दल नाक मुरडणारे बरेच आहेत. पण हिशेब पाहिला तर शेतकऱ्याचे चुकत नाही. ज्वारीच्या धान्याला मिळणारा भाव, राखणीचा आणि काढणीचा खर्च धरला तर कोरडवाहू रानात फार उरत नाही. हुरड्याला कणीस कापले तरी ताट उभे राहते आणि चारा हाती लागतो. वर रोकड मिळते, तीही सुगीआधी. राज्याने २०२०मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यावर अशा केंद्रांना पर्यटन विभागाकडे नोंदणीची वाट मिळाली. चटण्या वाटण्यापासून भाकऱ्या थापण्यापर्यंत राबणाऱ्या घरातल्या आणि शेजारच्या बायकांच्या हातात यातले किती पैसे पडतात, हा प्रश्न मात्र प्रत्येक केंद्रावर विचारण्यासारखा आहे.

नववर्षाच्या दिवशीच शिरूरकडे हुरड्याला निघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. १ जानेवारीला पेरणे येथील विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरची वाहतूक आदल्या दिवसापासून वळवली जाते.

हिवाळी मुक्कामाला आणखी कोण येते?

पुण्याच्या परिसरात हिवाळ्यात राहायला येणारे केवळ पुणेकर नसतात. त्यांच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या सुमारास, बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिवकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, विघ्नहर, भीमाशंकर अशा कारखान्यांच्या परिसरात, माळावर किंवा फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात : बांबूच्या कामट्या, पाचट, वरून ताडपत्री. आत चूल, दोन-चार भांडी, एक पेटी आणि गोधड्या. गारठा अडवायला एवढेच.

नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसांना अवजाराच्या नावाने मोजण्याची ही पद्धत इतकी रुळली आहे की ती कुणाला खटकतही नाही. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल घेतलेली असते. ती टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडायची. गाडीची पाळी आली की पहाटे तीनलाही फडावर जावे लागते, कारण तोडलेल्या उसाचे वजन दर तासाला घटते आणि कारखान्याचे गाळप थांबत नाही. उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या मोळ्या बांधून गावात चाऱ्यासाठी विकल्या की रोजच्या मीठ-मिरचीचे भागते. बरोबर आलेल्या मुलांची शाळा मध्येच सुटलेली असते. साखरशाळा आणि गावाकडची हंगामी वसतिगृहे हे त्यावरचे उपाय, पण डिसेंबरात फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली मुलगी दिसते, ती या उपायांतून सुटलेलीच असते.

शिरूर किंवा बारामतीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेला सुट्टीवरचा चालक हॉर्न वाजवतो, तेव्हा हे दोन्ही हिवाळी मुक्काम एकमेकांसमोर येतात. अंधारात रिफ्लेक्टर नसलेली दोन ट्रॉल्यांची जोडगाडी हा मोठा धोका आहे, त्याबाबतची तक्रार रास्तच. पण रात्री या रस्त्यांवर वेग बेताचा ठेवणे हे आपल्या हातातले आहे.

बिबट्याची भीती खरी की वाढवून सांगितलेली?

खरी आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत बिबट्या पाहुणा राहिलेला नाही. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला. वर्षभर उभा राहणाऱ्या दाट उसात लपायला जागा आणि पाणी, तर वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरे. कित्येक बिबटे उसातच जन्मले आणि जंगल न पाहताच वाढले. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात लहान मुलांसह माणसांचे बळी गेले, तेव्हा संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले होते.

हिवाळ्यात प्रश्न तीव्र होतो तो तोडणीमुळे. ऊस तुटला की आसरा जातो. मादी पिलांना घेऊन शेजारच्या फडात सरकते आणि दिवसा न दिसणारा बिबट्या दिसू लागतो. पाचटात पिले सापडण्याचे प्रसंगही याच दिवसांतले. अशी पिले उचलून घेणे, त्यांच्याबरोबर फोटो काढणे धोक्याचे असते, कारण मादी जवळपासच असते. वन विभागाचे कर्मचारी पिले तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि बहुतेकदा मादी रात्रीतून ती घेऊन जाते. जखमी किंवा पकडलेले बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील निवारा केंद्रात नेले जातात.

इथे राहायचे तर गावाने अनुभवातून घालून घेतलेले नियम पाळावे लागतात. अंधार पडल्यावर मुलांना अंगणात एकटे सोडू नये. उघड्यावर वाकून किंवा बसून काम करणारा माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो, म्हणून रात्री बाहेर जाताना दोघांनी जावे, बॅटरी आणि काठी असावी, मोबाइलवर गाणी लावलेली चालतात. उरलेले मटण, हाडे घरामागे टाकली की कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. सुट्टीच्या पार्ट्यांनंतरची ही सर्वात मोठी चूक. पाळलेला कुत्रा रात्री घरात किंवा बंद जाळीत हवा. वन विभागाची मदतवाहिनी १९२६.

बिबट्याच्या चर्चेत घोणस मागे पडते. साप थंडीत दडून बसतात असा समज आहे, पण घोणशीचा मीलनकाळ हिवाळ्यातच येतो आणि ती या दिवसांत जास्त फिरते. पेंढ्याच्या उडव्या, विटांचे ढीग, सरपण ही तिची आवडती ठिकाणे. शेकोटीसाठी अंधारात लाकडे ओढताना हात सांभाळावा. दंश झालाच तर पट्टी आवळणे, चिरा देणे यात वेळ न घालवता १०८ला फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले ग्रामीण रुग्णालय गाठावे. ते किती अंतरावर आहे, हे मुक्कामाच्या पहिल्या दिवशीच माहीत करून घेतलेले बरे.

घर किंवा जमीन घ्यायची असेल तर?

बहुतेक व्यवहार डिसेंबर-जानेवारीत ठरतात, कारण तेव्हा सगळेच छान दिसते. फसगत इथेच होते. पावसाळा संपून दोनच महिने झालेले असतात, विहिरी काठोकाठ असतात. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. त्याची साठवण मर्यादित असते. डिसेंबरात तुडुंब दिसणारी विहीर मार्चअखेरीस तळ दाखवू शकते. म्हणून जागा पसंत पडली तरी एकदा एप्रिलमध्ये जाऊन यावे आणि टँकर कधी सुरू होतो ते विक्रेत्याला नव्हे, शेजारच्या वस्तीवर विचारावे. विजेची जोडणी गावठाणाच्या वाहिनीवर आहे की शेतीच्या, हेही तेव्हाच पाहावे. शेतीच्या वाहिनीवरच्या घरात लॅपटॉपवरची बैठक कधी तुटेल याची शाश्वती नसते.

कायद्याचा भाग थोडक्यात : कूळकायद्याच्या कलम ६३नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. ‘फार्महाउस प्लॉट’ या गोड नावाखाली सामाईक सातबाऱ्यावर गुंठ्यांनी विकल्या जाणाऱ्या जागांबाबत पैसे देण्याआधी वकील गाठणे बरे. सुरुवातीला एक हिवाळा आणि एक उन्हाळा भाड्याने राहून पाहणे त्याहून स्वस्त पडते.

गावात मिसळायचे कसे?

याचे उत्तर पंचांगात सापडते. मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी देवदिवाळी, सहाव्या दिवशी चंपाषष्ठी. जेजुरीला भंडारा उधळला जातो आणि घरोघरी वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य असतो; चातुर्मासात सोडलेले वांगे तेव्हा पुन्हा ताटात येते. पौर्णिमेला दत्तजयंती, नारायणपूरला मोठी गर्दी. महिन्याच्या गुरुवारी घरांत लक्ष्मीचे घट मांडलेले असतात, त्या दिवशी मटणाचा बेत आखून शेजारणीला स्वयंपाकाला बोलावू नये. अमावास्येला पुण्यात राहणारे लातूर-धाराशिवकर वेळ अमावास्येसाठी आपापल्या गावी धावतात. मग भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, दुसऱ्या दिवशी संक्रांत. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. नाताळच्या सुट्टीत आलेले पुणेकर यातले बहुतेक सारे न पाहताच परत जातात, कारण त्यांची सुट्टी इंग्रजी तारखांची आणि गावाचे सण तिथीचे.

राहिलेल्यांना आणखी एक गोष्ट समजते. गावात मदत मागण्याआधी ती देण्याची वेळ शोधावी लागते. पहाटे शहराकडे निघताना दुधाचे कॅन नेणे, दवाखान्यात कुणाला सोडणे, मुलांचे ऑनलाइन अर्ज भरून देणे, पीकविम्याचा कागद वाचून सांगणे अशा कामांतून ओळख होते. ‘कामाला माणूस मिळत नाही’ ही तक्रारही मग वेगळ्या सुरात होते, कारण तो माणूस त्या दिवशी कुणाच्या रानात आहे हे माहीत झालेले असते.

संक्रांतीनंतर फार्महाउसच्या फाटकांना कुलुपे लागतात आणि फेब्रुवारीत ज्वारी काढणीला येते. ही ज्वारी पुष्कळ ठिकाणी अजूनही कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताट धरायचे, कंबरेतून झटका द्यायचा, मुळांची माती झाडायची आणि पेंढी बांधायची. काळ्या रानात जमीन कडक झालेली असते, ताटांच्या पात्यांनी हात कापतात. या कामाला मजूर मिळत नाहीत म्हणून अनेकांनी ज्वारीच सोडली. ज्यांनी सोडली नाही, ते पहाटे दवाने ताटे ओलसर असतानाच रानात उतरतात. ऊन चढले की पाती वाळून आणखी कापतात. डिसेंबरात याच रानाच्या बांधावर आगटी पेटलेली असते.